मागच्या खोलीची वेळ

सेकंदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडिओवर निवेदक म्हणून उभं आयुष्य काढलेला हा माणूस. शेवटचं वाक्य असं नेमकं संपवायचा की पूर्णविराम आणि तासाचा ठोका एकदमच पडावा. त्यावरून सहकाऱ्यांनी थट्टेनं नाव ठेवलं आणि ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. तेव्हा अशा माणसाच्या घरातलंच घड्याळ मागे पडायला लागलं, म्हणजे हलवायाच्या घरात साखर नाही म्हणण्यासारखंच झालं.

घड्याळ भिंतीवरचं नव्हे, कॉम्प्युटरमधलं. या वरच्या मजल्यावरच्या घरात ते आणि त्यांची बायको नुकतेच राहायला आले होते. मागची खोली सेकंदरावांनी आपल्यासाठी ठेवली. एक खिडकी, एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि माईक. अंध विद्यार्थ्यांसाठी ते तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. दुपारी जेवण झालं की दार लावून घ्यायचं, आणि पाच वाजता वाचन थांबवून परदेशी असलेल्या लेकीशी बोलायचं, असा नेम. आणि तो नेमच बिघडला. एकदा त्यांनी पडद्यावर पाहून, पाचाला अजून पुष्कळ अवकाश आहे म्हणून आणखी एक प्रकरण वाचलं, बाहेर आले, तर दिवे लागलेले.

"बाबा, किती वाट पाहिली मी," लेक फोनवर म्हणाली. "तुम्ही... आणि विसरलात?"

त्यातला 'तुम्ही' त्यांना फार लागला.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात जाऊन एक नखाएवढी गोल बॅटरी घेऊन आले. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ तिच्या जिवावर चालतं, ती संपली की मागे पडतं, असं दुकानदार म्हणाला. बॅटरी बदलली. दुपारी घड्याळ पुन्हा मागे.

मग भाचीला बोलावलं. ती कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करायची. आली, डबा उघडला, आतली धूळ फुंकली, घड्याळ भारताच्याच वेळेवर आहे ना ते तपासलं, इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळेल असं करून दिलं.

"आता मागे पडायची हिंमत करणार नाही, मामा. पडलं तर मला सांगा, कान धरते त्याचा."

घड्याळ मागे पडलंच. इंटरनेटवरून वेळ जुळायची, क्षणात पुढे उडी मारायचं, आणि दुपारभरात पुन्हा रेंगाळायचं. गंमत म्हणजे खोली रिकामी असली की ते सुतासारखं सरळ चालायचं. सेकंदराव आत जाऊन बसले की मात्र चालढकल सुरू.

बायकोनं दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नाही ना? घड्याळ नक्की कॉम्प्युटरचंच मागे पडतंय ना?"

 हाच प्रश्न सेकंदरावांनी स्वतःला विचारायचं टाळलं होतं. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी सगळं विसरले होते. स्वतःचं घर, स्वतःची माणसं, अखेरीस तर घास गिळायचंही. त्याची सुरुवात अशीच झाली होती, दुपारच्या दुपारी हरवून.

"डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. आवाज आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या ताब्यात नव्हता.

"जाऊ," बायको म्हणाली. मग त्यांच्या शर्टाकडे पाहून म्हणाली, "आणि हे तुटलेलं बटण कधी लावलंत? मी लावणार होते."

"तूच लावलंस ना?"

"मी कुठे?"

दोघांनीही ते बटण पाहिलं. टाके बारीक, घट्ट, मागच्या बाजूला दोऱ्याची नाजूक गाठ. सेकंदरावांना तर सुईत दोरा ओवता येत नव्हता. बायकोनं ओठ आवळले आणि भाचीला फोन लावला.

रविवारी भाची आली. तिनं हॉलमधल्या घड्याळाशी मामांचं कपाटातलं मनगटी घड्याळ काट्याला काटा जुळवलं आणि त्यांच्या हाताला बांधलं. "आज मी पण बसते आत. तुम्ही वाचा. मामी, तुम्ही बाहेरच थांबा."

दार लागलं. सेकंदराव वाचायला लागले. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं, माईकपाशी धुळीचे कण तरंगत होते. खोलीत नेहमीचाच वास होता, कोऱ्या कापडाचा आणि तापलेल्या इस्त्रीचा. तो वास कुठून येतो याचा सेकंदरावांनी कधी विचारच केला नव्हता. घर नवं, वास वेगळा, एवढंच. वाचताना त्यांना एकदम शांत वाटलं. लहानपणी कुणीतरी मागे बसून केस विंचरत असावं, तसं. प्रकरण लहानसं होतं, संपलं. भाचीनं जांभई दिली.

बाहेर आले, तर बायको दारासमोर खुर्ची टाकून बसलेली, चेहरा उतरलेला. "किती वेळ लावलात! मी दार वाजवून वाजवून थकले..."

"दार? मामी, आम्हाला काहीच..."

भाचीनं मामांचं मनगट धरलं. मनगटी घड्याळ आणि कॉम्प्युटरचं घड्याळ एकमेकांशी तंतोतंत जुळत होतं. हॉलमधलं मात्र कितीतरी पुढे गेलं होतं. खिडकीतलं ऊन उतरलं होतं.

"मामा," भाची अगदी हळू म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड नाहीये. तो बरोबर आहे. ही... ही खोलीच मागे पडते."

 सेकंदराव हसायला लागले. आधी गालात, मग खदखदून. त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरले.

"अगं, म्हणजे माझं डोकं शाबूत आहे!"

"अहो, खोलीत भूत असेल..."

"असू दे की! डोकं शाबूत आहे!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पण हसली. भाची तेवढी हसत नव्हती. ती आपल्या कोपराकडे पाहत होती. येताना तिथे शिवण उसवलेली होती, रिक्षात चढताना खिळ्याला अडकून. आता ती जागा सारखी झाली होती. टाके बारीक, घट्ट.

तिनं रेकॉर्डिंग हॉलमध्ये आणून लावलं. मामांचा आवाज, स्वच्छ, सलग. मामांनी हेडफोन लावले, सवयीनं डोळे मिटले. आणि मग त्यांनी हात वर केला.

"मागे घे... थोडं आणखी... हं. इथे."

त्यांच्या आवाजाखाली, श्वासाच्या फटीत, काहीतरी होतं. कर्र... कर्र... मग टक्. मग पुन्हा कर्र. मोठ्या कात्रीखाली जाड कापड सरकत जावं, तसं. आणि एकदा, अगदी जवळून, दातांत दोरा धरून तोडल्याचा आवाज.

भाचीनं त्या संध्याकाळी चहासुद्धा घेतला नाही.

खाली चष्म्याचं दुकान होतं. सेकंदरावांनी सहज म्हणून चष्मेवाल्याला विचारलं, आमच्या आधी वर कोण राहायचं. त्यानं भिंगावर फुंकर मारली. "शिंपीणबाई होत्या. हाताला काय सफाई! आणि शब्दाच्या पक्क्या. ज्या वाराला देते म्हणायच्या, त्या वाराला कपडा तयार. एकदाही उशीर नाही. आजारी पडल्या तेव्हा खूप काम अंगावर होतं. मी भेटायला गेलो तर एकच धोशा... वेळ हवा हो, थोडा वेळ मिळाला असता तर..." त्यानं चष्मा घडी घालून ठेवला. "का? काही राहिलंय का त्यांचं वर?"

"नाही," सेकंदराव म्हणाले. "त्यांचं ठीक चाललंय."

घर बदलण्याची गोष्ट निघाली, नाही असं नाही. पण जायचं कशासाठी? डॉक्टरांनी तपासून डोकं ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. लेकीचा फोन हॉलमध्ये घ्यायचं ठरलं, आणि सेकंदराव दार लावायच्याऐवजी उघडं ठेवून वाचू लागले. दार उघडं असलं की बायकोची हाक आत पोचायची. बायकोनं मात्र त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, असं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

बाकी संसाराला हळूहळू सगळ्याची सवय होते. शर्टांच्या विरलेल्या कॉलर उलटून नव्या होऊ लागल्या. कोटाचं अस्तर बदललं गेलं. एकदा बायकोनं बाहेर उभं राहूनच फाटकी उशीची खोळ आत भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी तिला रफू केलेली मिळाली. "माझ्यापेक्षा चांगलं करते हो," ती थोड्या मत्सरानंच म्हणाली. सेकंदराव वाचन संपलं की माईक बंद करायचे आणि रिकाम्या खोलीला म्हणायचे, "आभारी आहे, बाई." इतकी निवांत दुपार त्यांच्या नोकरीत कधी आली नव्हती. वेळ कमी पडतोय ही धास्ती, जी जन्मभर छातीत टिकटिकत होती, ती गेली होती. झोप छान लागायची. दोघांचीही वजनं वाढली.

मग एके दिवशी भाची आली. बरेच दिवस तिनं तोंड दाखवलं नव्हतं, पण आता तिचं लग्न ठरलं होतं आणि ती ते सांगायला पेढ्यांऐवजी केक घेऊन आली होती. मामा-मामी हॉलमधल्या लांब बाकावर शेजारी शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत चहा पीत होते, दाराकडे पाठ करून.

"या या, नवरीबाई!" सेकंदराव न वळताच म्हणाले. पावलं ओळखीची होती.

पावलं मध्येच थांबली.

"मामी," भाची म्हणाली. "तुम्ही... आत गेला होतात?"

"मी? छे गं. मी मरेपर्यंत नाही जायची. का?"

"तुमच्या पाठीवर खडूच्या रेघा आहेत. मापाच्या. मामांच्यापण आहेत."

सेकंदरावांना हसू आलं. "असं होय! म्हणजे नवीन शिवतायत वाटतं काहीतरी. तुझ्या लग्नाला..."

"मामा, हलू नका." ती दोन पावलं जवळ आली. "रेघ एकच आहे. तुमच्या उजव्या खांद्यापासून निघते, आणि मामींच्या डाव्या खांद्यावरून पुढे... मध्ये कुठे तुटत नाही. दोघांचं मिळून एकच माप घेतलंय. बाहीची खूण नाही, गळ्याची नाही."

बायकोचा हात बाकावरून सरकत आला आणि सेकंदरावांनी तो धरला. उबदार, ओळखीचा हात. भीती वाटली, पण खोटं कशाला, तेवढ्यात बरंही वाटलं. बाहेर संध्याकाळ चांगली पडली होती.

"आणखी काय आहे?" त्यांनी विचारलं. "शिंपी लोक कोपऱ्यात काहीबाही लिहितात ना."

"लिहिलंय," भाची म्हणाली. "रेघेच्या टोकाला. वार लिहिलाय."

"कोणता?"

 केकचा डबा खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग त्या दोघांना पाठीवर तिचा तळहात जाणवला, खडू पुसणारा, जोरजोरात, पुन्हा पुन्हा.