पायलट बंद होता

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. नावं मुद्दाम गाळतेय. आमची फिल्मलाइन इवलीशी. सगळे मिळून तीस-चाळीस चेहरे. या सिनेमात जी आई, ती पुढच्या सिनेमात सासू. एकीने शिंकलं तर दुसऱ्या युनिटमध्ये कळतं. त्यामुळे नाव घेतलं की संपलंच.

मावशी डबिंग आर्टिस्ट. म्हणजे पडद्यावर ओठ दुसऱ्याचे हलणार आणि आवाज हिचा. सिनेमाच्या शेवटी हिचं नाव आलंच तर इतक्या भरकन जायचं, की आम्ही घरचेसुद्धा वाचायला चुकायचो.

तिची जिवाभावाची मैत्रीण नटी होती. लाइनमध्ये तिला सगळे 'भोंगा' म्हणायचे. कारण आवाज! असा जाड, खरखरीत, दणदणीत, की सेटवर माइक नसला तरी चालायचं. तीही हसून म्हणायची, "भोंगा आला रे, कान झाका!"

हसायची खरी. पण आत सल होता.

बावीस वर्षं कामं केली तिने. शेजारीण, नर्स, नायिकेची आत्या. पण एकाही सिनेमात तिचा स्वतःचा आवाज नव्हता. प्रत्येक दिग्दर्शक म्हणायचा, "बाईमाणसाला हा आवाज शोभत नाही." आणि मग गोड आवाजाची कुणीतरी तिच्यासाठी डबिंग करायची. बऱ्याचदा माझी मावशीच. ओळखच तशी झाली दोघींची.

"तू माझा आवाज चोरलास, आता चहा तरी पाज," असं म्हणाली होती ती पहिल्या भेटीत.

मावशी तिची नक्कलही झकास करायची. पार्टीत सगळे हसून लोळायचे. भोंगा तर डोळे पुसत म्हणायची, "अगं बाई, माझ्यापेक्षा तूच माझ्यासारखी बोलतेस!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

बाविसाव्या वर्षी तिला मुख्य भूमिका मिळाली. बोटीवर काम करणारी एक तापट बाई. दिग्दर्शकाला तोच जाड आवाज हवा होता. भोंगा दोन दिवस जमिनीवर नव्हती. मावशीचा हात घट्ट धरून म्हणाली, "एकदा, फक्त एकदा माझ्या तोंडातून माझा आवाज येऊ दे. मग मेले तरी चालेल."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," मावशी म्हणाली. "तुझाच आवाज राहील. माझा शब्द आहे."

शूटिंग झालं. बोटीवर जनरेटरची घरघर, त्यामुळे सगळे संवाद नंतर स्टुडिओत करायचे ठरले. सेटवर जो कच्चा आवाज रेकॉर्ड होतो, त्याला पायलट म्हणतात. डबिंग करताना तो हेडफोनमध्ये लावतात, म्हणजे ओठ जुळवायला सोपं जातं.

आणि डबिंगच्या आधीच भोंगा आजारी पडली. घशाचंच दुखणं. ऑपरेशन झालं, औषधं झाली. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणत होते, पण आवाज पार बारीक झाला. तोंडाजवळ कान न्यावा तेव्हा ऐकू यायचं. तरी ती रोज संवाद पाठ करायची. "माइक आहे ना, तो ऐकेल माझं," म्हणायची.

एके दिवशी दिग्दर्शकाचा मावशीला फोन आला.

"मला तिचा आवाज हवाय. पण तो आता तिच्याकडे नाही, तुझ्याकडे आहे."



"तिच्याशी बोलणं झालंय माझं," तो पुढे म्हणाला. "तिनेच तुझं नाव सुचवलं. फक्त तिच्यासमोर विषय काढू नकोस, उगाच रडेल बिचारी."

मावशीने होकार दिला.

एक फोन करायचा होता हो मैत्रिणीला! एक फोन. इतक्या वर्षांची मैत्री. पण नाही केला.

मंगळवार होता. दुपारी दोनची वेळ. स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात. जिना उतरलं की बाहेरचं जग बंद. जाड दार, भिंतींना गाद्या लावलेल्या, एक माइक, एक स्टूल. समोर पडदा. बाजूच्या काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, एकटाच. दिग्दर्शक आलाच नव्हता.

मावशी दारात पोचली आणि फोन वाजला. स्क्रीनवर भोंगाचं नाव.

मावशीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. डबिंगला बसताना फोन बंद करायचाच असतो, असं ती मला आजही सांगते.

हेडफोन चढवला. दिवे मंद झाले. पडद्यावर भोंगा आली, बोटीच्या कडेला उभी, ठसठशीत, धडधाकट. हेडफोनमध्ये पायलट सुरू झाला. जनरेटरची घरघर आणि त्यावरून तिचा तो दणदणीत आवाज.

मावशीने घसा जाड केला आणि पहिलं वाक्य टाकलं.

"वा ताई!" रेकॉर्डिस्ट म्हणाला. "अंगावर काटा आला. हुबेहूब!"

दुसरा तुकडा. तिसरा. आता तर पहिल्याच टेकला ओके होत होतं. ओठ असे जुळत होते की मावशीलाच नवल वाटलं. कारण कानातला आवाज तिला अर्धा शब्द आधी मिळत होता. तो म्हणेल, पाठोपाठ ही म्हणेल.

साधारण तीन वाजले असतील...

वाक्याच्या आधी कानात काहीतरी वाजलं.

थप.

मऊ. उशीवर हात मारल्यासारखं.

मावशीला हसू आलं. भोंगाची खोडच ती. बोलायच्या आधी मांडीवर थाप मारायची. डबिंगमध्ये तो आवाज येईल म्हणून घरी संवाद पाठ करताना ती मांडीवर एक छोटी उशी घ्यायची. पायलटमध्येही आलीच का थाप, असं मावशीच्या मनात आलं.

पुढचं वाक्य. थप... मग आवाज... मग मावशी.

आणि एकदम तिच्या लक्षात आलं.

घरघर नव्हती.

जनरेटर केव्हाच थांबला होता. कानात फक्त आवाज होता, अगदी स्वच्छ. आणि तो जाड नव्हता. बारीक होता. तोंडाजवळ कान नेल्यावर ऐकू येईल असा...

शूटिंगला आठ महिने झाले होते. तेव्हा तिचा आवाज असा नव्हता. असा तो आता झाला होता.



"दादा, तो पायलट जरा बंद करता का?"

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने मान वर केली.

"पायलट? तो तर मी तिसऱ्या तुकड्यानंतरच बंद केला, ताई. म्हटलं तुम्हाला घरघरीचा त्रास होईल."

"मग मला ऐकू काय येतंय?"

"तुमच्या कानात आत्ता काहीच नाहीये."

मावशीने हेडफोन काढला. खोली गप्प. परत घातला.

थप.

कुणीही उठून पळालं असतं. मावशी नाही पळाली. मी विचारलं का, तर म्हणाली, "दोनच तुकडे राहिले होते गं." ही आमची लाइन! छताचं प्लास्टर अंगावर पडलं तरी आम्ही टेक पूर्ण करू.

दोन तुकडे झाले. त्या बारीक आवाजाच्या मागून मागून तिने ते केले, लहान मूल बोट धरून चालतं तसे.

"झालं, ताई," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आता फक्त रूम टोन."

रूम टोन म्हणजे खोलीची शांतता. अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. नुसती शांतता रेकॉर्ड करायची. दोन वाक्यांच्या मधे लावायला लागते.

मावशी पुतळ्यासारखी बसली.

दहा सेकंद.

वीस...

"ताई, श्वास जरा हळू," रेकॉर्डिस्ट म्हणाला. मग थांबला. कपाळाला आठ्या. "दोन येतायत."

"काय दोन?"

"श्वास. माइकवर दोघींचे श्वास येतायत."

पुन्हा शांतता लावली. मावशीने श्वास रोखून धरला.

एकच श्वास चालू राहिला.

आणि मग तिच्या कानात, इतक्या जवळून की ओठ लागावेत...

"माझ्या जागी कोण बसलंय?"

मावशी किंचाळली. हेडफोन फेकला, पर्स उचलली, जाड दार अंगानेच ढकललं. जिन्याखालच्या घड्याळात चारला दहा कमी होते. हे तिला पक्कं आठवतं.

तिने फोन चालूही केला नाही. थेट भोंगाच्या घरी.

दार उघडंच होतं. दाराशी चपलांचा ढीग. आत बायका बसलेल्या.



भोंगाची लेक उठून आली आणि गळ्यात पडली. "मावशी, आई गेली हो. चारला दहा कमी असताना."

पलंगावर भोंगा होती. अंगावर नवी साडी. केस नीट बांधलेले. शेजारी संवादांचे कागद, आणि मांडीजवळ एक छोटी उशी.

"सकाळपासून तयार होऊन बसली होती," लेक सांगत होती. "डबिंग होतं ना आज. सर म्हणाले होते, गाडी पाठवतो. गाडी आलीच नाही. सरांचा फोन लागेना. मग तुम्हाला लावला, की तुम्हाला तरी काही कळलंय का. तुमचाही बंद."

मावशीच्या तोंडातून एवढंच बाहेर पडलं,

"मला काही माहीत नव्हतं गं!"

"कशाचं, मावशी?" लेकीने विचारलं.

मावशी पलंगाशी जाऊन बसली.

"तीन वाजता तिने आपणहून संवाद म्हणायला सुरुवात केली," लेक डोळे पुसत म्हणाली. "कागद न बघता. उशीवर थाप मारायची, एक वाक्य म्हणायची, थांबायची. कुणीतरी मागून म्हणतंय आणि ती त्याची वाट बघतेय, असं. सगळा सिनेमा म्हटला तिने. शेवटी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, माझ्या जागी कोण बसलंय?"

"आणि?"

"आणि तुमचं नाव घेतलं. दोनदा. मला वाटलं, तुम्हाला बोलावतेय."

दिग्दर्शक संध्याकाळी आला. मोठा हार घेऊन! मावशीने त्याला जिन्यात गाठलं. "तुम्ही तर म्हणालात, तिच्याशी बोलणं झालंय!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हळू. तिला 'गाडी पाठवतो' असं सांगितलं नसतं तर तिने स्टुडिओत येऊन तमाशा केला असता. घरी बसवून ठेवायचं होतं एक दिवस. आणि आता हे कुणाला कळायला नको. तिच्या मानासाठी."

नालायक माणूस! केसाने गळा कापला त्याने दोघींचा. एकीला गाडीची वाट बघायला लावली आणि दुसरीला तिच्याच स्टुलावर बसवलं.

सिनेमा लागला. जाहिरातीत काय लिहिलं होतं? 'तिच्या स्वतःच्या आवाजात, तिचा अखेरचा सिनेमा.' लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भोंगाची लेक दिग्दर्शकाच्या पाया पडली, "आईचा आवाज जपलात तुम्ही." मावशी तिसऱ्या रांगेत बसून होती. शेवटच्या नावांत तिचं नाव भरकनसुद्धा गेलं नाही.

त्यानंतर तिने माइक धरला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर मी लिहायलाच बसले नसते.

मावशीशी फोनवर बोललं की लोक विचारतात, "शेजारी कुणी आहे का?" दूधवाल्यानेही विचारलंय. ती हसून टाळते. मीही हसायचे.

मागच्या महिन्यात ही सगळी हकिगत मी तिच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर रेकॉर्ड केली. सकाळचे अकरा, खिडकीतून ऊन, ओट्यावर चहा. घरात आम्ही दोघीच.

घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं.

थप.

मग एक बारीक आवाज. मग मावशीचा.

मावशी जे सांगत होती, ते शब्दन्‌शब्द तो आवाज अर्धा शब्द आधी सांगत होता. शूटिंग. आजारपण. तळघर. चारला दहा कमी. सगळं. पुढे ती, मागे मावशी.

मी अख्खी रात्र दिवा लावून बसले. पण मला घाबरवलं ते या आवाजाने नाही.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य मावशी तीनदा म्हणते. "तिला विचारलेलंच नाही, हे मला माहीत नव्हतं."

तीनदा.

मी ते तीनदा, दहादा, पुन्हा पुन्हा ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं.

त्या वाक्याच्या आधी थाप नाही. बारीक आवाज नाही. बाकी सगळी गोष्ट दोघी मिळून सांगतात, पण हे एक वाक्य येतं आणि ती गप्प बसते. तिन्ही वेळा. मावशी एकटीच बोलते.

मला तो दारात वाजलेला फोन आठवतो. स्क्रीनवरचं नाव पाहून मावशीने बंद केलेला.

परवा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "ऐकलंस का गं ते रेकॉर्डिंग?"

"नाही अजून," मी म्हटलं.

तिने कपातला चहा ढवळला.

"मग पुसून टाक," म्हणाली.

मी अजून पुसलेलं नाही. आणि तिला काही विचारलेलंही नाही. सख्खी मावशी आहे हो माझी... कसं विचारू?