एल्मरच्या पत्रातली गाळलेली ओळ

आरशात मला आधी त्याचे डोळेच दिसले.

गोंदियाहून गोरेगावला येणारी सर्व्हिसची मोटार, मोहफुलांचे दिवस, खिडकीतून आत येणारा तो गोड, जड वास... शेजारी बसलेल्या जमुनाबाईंनी औषधाची बाटली माझ्यापुढे धरली आणि कितीदा घ्यायचं ते वाचून दे म्हणाल्या. मी इंग्रजी चिठ्ठी वाचली, मराठीत सांगितली. मान वर केली, तर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशातले दोन डोळे रस्ता सोडून माझ्याकडे. मी पदर सावरला. डोळे रस्त्यावर गेले आणि मोटार खड्ड्यात.

गोरेगावला उतरले तसा तो मागोमाग आला. खाकी सदरा, दुमडलेल्या बाह्या, हातात निळं पाकीट.

"तुमाले इंग्रजी येते," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलंच. "माहं एक पत्र हाय. अमेरिकेचं."

मोटार हाकणाऱ्याला अमेरिकेचं पत्र? माझा संशय तिथंच सुरू झाला. त्यात पाकीट आधीच फोडलेलं.

"मोटारीचा मालक फोडते," तो म्हणाला. "कचेरीचं समजून."

त्याचं नाव टेकचंद. लढाईत ब्रह्मदेशाच्या रस्त्यावर त्यानं फौजेचे ट्रक हाकले होते. तिथं चिखलात उलटलेल्या ट्रकखालून त्यानं एका अमेरिकन ड्रायव्हरला ओढून काढलं होतं. तो एल्मर. लढाई संपल्यावर एल्मर आपल्या देशी गेला आणि मोटारींच्या शर्यतीत उतरला. आपण काय काय जिंकलो, काय काय मोडून घेतलं, ते तो टेकचंदला कळवायचा.

बाजाराच्या दिवशी मोटार गोरेगावात दीड तास थांबायची. तेवढ्यात टेकचंद आमच्या सपरीत, पुढच्या पडवीत, येऊन बसायचा. मी पत्र वाचायची, उत्तर लिहायची. माझे बाबा केशोराव गुरुजी खाटेवर वर्तमानपत्र उघडून बसायचे. पान उलटल्याचा आवाज मात्र कधी यायचा नाही.

एल्मर जत्रेतल्या मातीच्या गोल मैदानावर शर्यत लावायचा. सकाळी घोडे पळत, दुपारी तिथंच मोटारी. मोटार एवढीशी, की गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागे. एका उन्हाळ्यात अकरा शर्यती जिंकल्या. बक्षिसात एकदा भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खांदा मोडला, उजवा हात भाजला, पुन्हा बसला.

"इतकं जोरात जाऊन तो पोचतो कुठं?" मी एकदा विचारलं.

"जिथून निघाला, तिथंच."

"मग निघतो कायले?"

"तुमी गोंदियाले जाऊन मॅट्रिक केली," तो म्हणाला, "आन् गोरेगावलेच परत आल्या ना?"

वर्तमानपत्रामागे बाबा खोकले. ते हसू होतं, हे मला नंतर कळलं.

पत्र तीन-चार महिन्यांनी यायचं; टेकचंद दर बाजाराला यायचा. जुनंच पत्र पुन्हा वाचून द्या म्हणायचा, मागच्या वेळी नीट ध्यानात आलं नाही. आणि मी वाचायची... पण माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे. एल्मरनं गंमत लिहिली असली, की याच्या ओठाचा कोपरा आधीच हलायचा. मी वाक्याच्या अर्ध्यात, आणि हा हसून मोकळा.

दुसऱ्या वर्षी एल्मर मोठ्या मोटारींत गेला. त्यांच्याकडे पाचशे मैलांची मोठी शर्यत असते. तिच्यात घेण्याआधी प्रत्येकाचा वेग तपासतात. शेवटच्या जागेसाठी एल्मर डोळ्याची पापणी लवावी एवढ्यानं मागे पडला. त्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: टेक, तुझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं असायचं. हल्ली तुझी पत्रं कोण लिहितं? मुलगी असेल, तर तिला सोडू नकोस.

माझे कान तापले. ती ओळ मी गाळली.

"पुढं?" टेकचंदनं विचारलं.

"पुढं सही."

"बरं," तो म्हणाला आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसला. त्याचेही कान लाल होते... आणि ओठाचा कोपरा, मी गाळलं तिथंच, हलला होता.

तो गेल्यावर मला दुसरी गोष्ट सुचली. एल्मरला याचं अक्षर कसं माहीत? म्हणजे आधीची पत्रं यानंच लिहिली होती. इंग्रजीत. माणसाला लिहिता येतं, वाचता येतं, आणि तो दोन वर्षं माझ्यासमोर अडाणी होऊन बसतो — काऊन?

मी हे शामकलाला सांगितलं. शामकला माझी मोठी बहीण. तिच्या नवऱ्यानं लग्नाआधी रेल्वेत नोकरी आहे म्हणून सांगितलं होतं. नोकरी कधीच सुटली होती. वर्षाच्या आत ती तान्ही मुलगी घेऊन माहेरी आली, तेव्हापासून ती फार कमी बोलते.

"येते ते येत नाई म्हणते," ती म्हणाली. "बाकी काय काय लपवत असन, वच्छे?"

त्याच आठवड्यात टेकचंदची आई, अनुसयाबाई, बाबांकडे मागणं घालून गेल्या. बाबांनी निर्णय माझ्यावर सोडला. आणि मी ठरवलं, नाही म्हणायचं. पण त्याआधी त्याला पकडायचं. पुढचं पत्र आलं, की मुद्दाम भलतंच वाचायचं आणि चेहरा बघायचा. दचकला, की संपलं.

(सांगण्याच्या नादात पाळणा हलवायचा राहतो, आणि पाळणा थांबला की आमची लेक जागी होते. म्हणून आता भरभर सांगते.)

बाजाराचा दिवस. शेतात धान कापून पडलेलं, वाऱ्याला तणसाचा वास. टेकचंद आला, नेहमीच्या जागी बसला. डोळे लाल. मी विचारलं, तर म्हणाला, धूळ गेली. पाकीट माझ्या हातात दिलं. फोडलेलं, आणि खूपदा उघडल्यानं मऊ पडलेलं.

आत अक्षर वेगळं होतं. एल्मरच्या बहिणीचं.

एका लहानशा जत्रेत, मातीच्याच मैदानावर, एल्मरची मोटार कठड्यावर आदळली आणि तो जागीच गेला होता. त्याच्या पेटीत टेकचंदची सगळी पत्रं दोरीनं बांधलेली सापडली. म्हणून तिला कळवावंसं वाटलं.

मी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. टेकचंद माझ्याकडे बघत होता. घाई नाही, काही नाही. मला त्याला पकडायचं होतं, हे मी विसरून गेले.

"एल्मरचा दुसरा नंबर आला," मी म्हणाले.

तो माझ्या हातातल्या कागदाकडे बघू लागला.

"जत्रा मोठी होती, लिहितो. पुढच्या वर्षी पाचशे मैलांना पुन्हा..." माझा आवाज चिरकला. "तुमची आठवण काढतो."

"हात बरा हाय त्याचा?"

"बरा आहे."

टेकचंदनं मान खाली घातली. मग म्हणाला, "तुमाले खोटं वाचता येत नाई, वच्छलाबाई."

"आणि तुम्हाला खरं वाचता येतं," मी म्हणाले.

"हाव. एल्मरनंच शिकवलं. तेलाच्या डब्यावरची अक्षरं लावून लावून."

"मग माझ्याकडे कायले येत होता?"

"जमुनाबाईची बाटली मीच वाचून देणार होतो," तो म्हणाला. "तुमी वाचली. मंग मले वाचता येनं बंद झालं."

मला हसू येत होतं आणि डोळे भरलेले. तरी विचारलं, "आजचं तरी मला का आणून दिलं? माहीत असून?"

"तीन दिस खिशात घेऊन फिरून राहिलो. खरं वाटेचना. म्हटलं, तुमच्या तोंडून आयकीन, तं बसन मनात." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तुमी तं त्याले दुसरा नंबर देल्ला."

दोन वर्षं मी त्याचं एक खोटं शोधत होते. सापडलं तेव्हा माझंही एक त्याच्या शेजारी येऊन बसलेलं होतं, आणि दोघांपैकी कुठलंच टाकून देण्यासारखं नव्हतं. दारात शामकला उभी होती. ती आत गेली आणि दोघांसाठी चहा घेऊन आली.

एल्मरच्या बहिणीला उत्तर लिहायचं होतं. मी दौत-टाक घेतला, तर त्यानं हात पुढे केला. पाटावर कागद ठेवून तो वाकून लिहू लागला. खरंच, चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं. एकेका शब्दाला इतका वेळ, की गोरेगावच्या चौकातून मोटारीतल्या माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. तो उठला नाही.

मग कागद त्यानं माझ्याकडे सरकवला. "वाचा," तो म्हणाला. "मोठ्यानं. गुरुजीलेबी आयकू येऊ द्या."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

मी वाचू लागले. एक ओळ इंग्रजीत, मग मराठीत. एल्मरनं मोटारीचं दुखणं कानानं ओळखायला कसं शिकवलं, ते. तो जिंकला, की इथं एका सपरीत तीन माणसं खूश व्हायची, ते. आणि शेवटी:

"एल्मरनं विचारलं होतं, माझी पत्रं कोण लिहितं. त्याला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतो. मुलगीच आहे. तिच्याशी लग्न करावं, असं माझ्या मनात आहे. ती हो म्हणाली, तर पुढचं पत्र दोघांचं येईल."

त्या दिवशी मी एकही ओळ गाळली नाही.