तळच्या थरातला श्वास

गेलो होतो फक्त तपासणीच्या अहवालावरच्या एका सहीसाठी, तेही भर दुपारी. श्वासयंत्राची धोक्याची घंटा वॉर्डातल्या सिस्टरनेच बंद केली, म्हणून तिथले एक म्हातारे पेशंट गेले, असं सांगून यंत्र बनवणारी कंपनी हात झटकत होती. दुसऱ्या दिवशी चौकशी होती. सिस्टरची नोकरी जाणार होती, कदाचित तुरुंगही. तीस वर्षं बातमीदारी केली, पण यंत्र कायम निर्दोष आणि माणूसच बेजबाबदार, हा निर्लज्जपणा मला अजून पचत नाही.

तपासणी करणाऱ्या बाईंना सगळे घड्याळबाई म्हणत. खोलीत पंख्यांची घरघर, तापलेल्या तारांचा वास, पडदे ओढलेले. सिस्टर कोपऱ्यात बसून होती.

बाईंनी ते यंत्र संगणकातच तीनदा उभं केलं होतं. पहिल्या थरात नुसते नियम. श्वास थांबला, घंटा वाजली. दुसऱ्यात कंपनीचा खरा प्रोग्राम. तरी वाजली. कंपनीचे तज्ज्ञ इथेच थांबले होते, कारण या दोन्ही थरांत कुठल्याच कामाला वेळ लागत नाही असं धरलेलं असतं. बाई थांबल्या नाहीत. तिसऱ्या थरात त्यांनी चिपच्या घड्याळाचा ठोका न् ठोका उभा केला. खऱ्या यंत्राचा एक सेकंद तिथे तासभर चालतो. अकरा दिवस त्या ठाण मांडून बसल्या, आणि सापडलं. पडद्यावर आलेख काढायचं काम संपेपर्यंत घंटेचं काम रांगेत अडकायचं आणि पाळी येण्याआधीच पुसलं जायचं. घंटा बंद करायचं बटण कुणी दाबलंच नव्हतं. मी मनोमन दंडवत घातला.

सही झाली. संगणकातलं यंत्र थांबवायला बाईंनी हात पुढे केला, तो तसाच राहिला. पडद्यावरची श्वासाची सपाट रेष किंचित वर उचलली होती.

सिस्टर उठून जवळ आली. "आजोबा श्वास असाच घ्यायचे... आधी अडखळून, मग..."

"सिस्टर, शेवटी श्वासाच्या जागी मी नुसती शून्यं भरलीत," बाई हळूच म्हणाल्या. "याला पेशंट जोडलेलाच नाही."

त्यांनी फाइल उघडून दाखवली. खरंच शून्यं होती, शेवटपर्यंत. वरचे दोन्ही थर पुन्हा चालवले. तिथे रेष सपाट.

"इतक्या खाली कुणी गेलंच नव्हतं ना..." बाई पुटपुटल्या.

सिस्टर निर्दोष सुटली. कंपनीने माफी मागितली नाही, हे सांगायला नकोच. ड्यूटी संपली की सिस्टर अजून त्या खोलीत जाऊन बसते. ते संगणकातलं यंत्र बंद करायची तिची हिंमत होत नाही, बाईंचीही नाही. पाच-सहा सेकंदांचा तो श्वास तिथे फार तर पाच-सहा तासांत पुरा व्हायला हवा होता. आज सतरावा दिवस. रेष अजून चढतेच आहे.