तोगासावाच्या गेटवरचा आवाज

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका.

गेल्या जानेवारीतला मंगळवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. तोगासावा स्टेशन.

मेन लाईनवरचं लहानसं स्टेशन. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. दोन वर्षांपासून कर्मचारीही नाही. तिकिटाच्या स्वयंचलित गेटपाशी कोणी अडकलं की तिथलं बटण दाबतं आणि चाळीस किलोमीटरवरच्या आमच्या नियंत्रण कक्षात मी फोन उचलते. समोर कॅमेऱ्याचं चित्र असतं.

बटण वाजलं.

"ताई, गेट उघडत नाहीये. पास लावला की लाल दिवा लागतो."

तरुण मुलीचा आवाज. दमलेला.

मी पडद्यावर पाहिलं...

गेटच्या आत कोणीच नव्हतं.

बाहेर ओझेकी काका उभे होते. सत्तरी उलटलेले. ते रोजच यायचे, सहाची गाडी गेली की परत फिरायचे.

"नाव काय गं तुझं?"

"चिहारु ओझेकी. बाबा समोरच उभेत बघा. एवढ्या हाका मारतेय, बघतच नाहीत."

मी इथून गेट उघडलं. झडपा बाजूला झाल्या... आणि मिटल्या.

"नाही उघडलं, ताई."

शेजारच्या खुर्चीतले मुनाकाता साहेब नाव ऐकून पांढरेफटक पडले. "ओझेकींची मुलगी अकरा वर्षांपूर्वी वारली. कामावरून परतताना, गाडीतच. सकाळी याच गेटमधून आत गेली होती."

बाहेर आलीच नव्हती.

"म्हाताऱ्याला सांगू नकोस, तोमिए," ते म्हणाले. "जीव सोडेल तो."

चार दिवस तोच आवाज. तीच वेळ. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. बाहेरच्या स्पीकरवरून मी काकांना सगळं सांगितलं.



त्यांनी तिकीट काढलं आणि ते आत गेले.

"चिहारु! अगं, मी आलोय!"

त्यांना काहीच ऐकू आलं नाही. माझ्या कानात मात्र ती रडत होती. "बाबा आता बाहेरही दिसत नाहीत, ताई..."

काका फलाटावरच्या बाकावर बसले. उठेनात. बर्फ पडायला लागला होता.

"काका, घरी जा. गारठून जाल," मी फलाटावरच्या स्पीकरवरून म्हटलं.

"पोरगी आत असताना मी घरी जाऊ? असं कसं बोलता, बाई?"

मी तिथल्या पोलीस चौकीला फोन केला. त्यांनी काकांना घरी सोडलं. पहाटे ते परत आले असावेत. पहिल्या गाडीच्या गार्डला ते त्याच बाकावर सापडले. अंगावर बर्फ साचलेला.

मी सांगितलं नसतं तर...

अंत्यविधीनंतरच्या संध्याकाळी बटण वाजलं.

"ताई, आज बाबा न्यायला आले नाहीत. रागावलेत का?"

दोन मिनिटांनी पुन्हा वाजलं.

पडद्यावर फलाट रिकामा. बाक रिकामा.

"बाई, मी आतच आहे," ओझेकी काका म्हणाले. "सगळीकडे शोधलं. इथे कोणीच नाही हो..."

आता रोज दोघंही बटण दाबून माझ्याशी बोलतात. मी एकाचा निरोप दुसऱ्याला सांगते. दोघंही शांतपणे ऐकून घेतात.

दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही.