दोन टोले

हे घडलं तेव्हा मी जागा होतो, शुद्धीवर होतो आणि उजेड भरपूर होता. स्वप्नाची शंका कुणी घेऊ नये.

गुरुवार, १५ नोव्हेंबर १९७३. सहाला उठलो. बायकोने, सुमतीने, पोहे दिले, ते खाल्ले. सायकलला हवा भरली. सव्वाआठला धरमपेठ ओलांडून तलावावर पोचलो. जुनी लाँच काठावर ओंडक्यांवर चढवून ठेवली होती.

वर्षापूर्वी याच लाँचमध्ये माझा मोठा भाऊ मनोहर गेला. इंजिन थंड ठेवायला तळाच्या भोकातून पाणी ओढणारा पाइप भर तलावात फुटला आणि लाँचमध्ये पाणी भरू लागलं. प्रवासी वाचले. भोकावरचा व्हॉल्व्ह बंद करायला खाली उतरलेला दादा वर आला नाही.

चौकशीत लिहिलं गेलं, त्याने व्हॉल्व्ह बंद केलाच नाही.

मी तो कागद वाचला. काही वाटलं नाही. वर्षभर काहीच वाटत नव्हतं.

रविवारी चाळीस शाळकरी मुली लाँचमधून फिरणार होत्या. व्हॉल्व्ह नीट बंद होतो, असं इंजिनिअर म्हणून मला लिहून द्यायचं होतं. पण त्याचं चाक गंजून घट्ट बसलं होतं.

"तीन दिवस घासलेट पाजलं, भाऊ," गोविंदा मिस्त्री म्हणाला. "एवढ्यात म्हैस नाचली असती."

तो बाहेर, तळाखाली बोल्ट पान्याने धरून, हातोडी घेऊन बसला. मी आत. मध्ये लोखंड, बोलणं पोचत नाही. म्हणून दादाने घालून दिलेली खूण होती. एक टोला म्हणजे फिरव. दोन म्हणजे थांब.

चाक तापवलं. बाहेरून एक टोला आला. मी जोर लावला...

सुटलं.

फिरत गेलं, पार शेवटपर्यंत. मी खिशातलं पेन काढलं.

ठक्... ठक्.

"काय झालं, गोविंदा?"

पुन्हा दोन. माझ्या पायांखाली. सावकाश, मध्ये एक श्वास सोडून. गोविंदा घाईने मारतो.

असं एकच माणूस मारायचा.

मी बाहेर आलो. तळाखाली कुणी नव्हतं. हातोडीही नव्हती. गोविंदा शंभर पावलांवर, टपरीपाशी उभा होता.

"दोनदा काहून मारलंस?" हाक मारून तो जवळ आल्यावर मी विचारलं.

"म्या? चाक सुटलं तसा चाय घ्यायले आलो. हातोडी पाहा, थैलीत हाय."

मी तळाखाली वाकलो. पाइप काढलेला होता, डेकवरचं झाकण उघडं होतं. चाक तर पूर्ण बंद...

आणि भोकातून आभाळ दिसत होतं.

व्हॉल्व्ह खोलला. आतला दांडा तुटलेला. चाक नुसतं फिरत होतं, झडप जागची हलत नव्हती. चौकशीवाल्यांनी चाक उलटं फिरवून सोडलं होतं, व्हॉल्व्ह खोलून पाहिलाच नव्हता. ताजं तुटलेलं पितळ पिवळं चमकतं. हे हिरवं पडलं होतं.

गोविंदाने दांडा हातात घेऊन पाहिला.

"भाऊ, मनोहररावनं फिरवलं होतं गा. शेवटपावतर फिरवलं असंन."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

'लाँच चालवू नये' असं लिहिलं. तुटका दांडा फडक्यात बांधून चौकशीच्या साहेबांसाठी माझ्या या कागदाबरोबर ठेवला. मग भोकावर लोखंडी पट्टी बसवायला घेतली, चार बोल्टांची. गोविंदा माझ्या शेजारी पट्टी धरून होता. दोघेही बाहेर.

शेवटचा बोल्ट उरला. का कोण जाणे, मी थांबलो.

आतून एक टोला आला.

गोविंदाने ऐकला का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मी बोल्ट फिरवला.