विस्मृतक

शस्त्रक्रियागृहाशेजारच्या छोट्या खोलीत सहा वर्षांची भैरवी पवळे जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘सर्व ठीक’ असं झळकत होतं. पडद्याच्या दृष्टीने ते खरंही होतं. नाडी, रक्तदाब, प्राणवायू सगळं मर्यादेत होतं. ओरडण्यासाठी त्या पडद्यावर रकानाच ठेवलेला नव्हता.

"थांबवा ना सिस्टर! सांगा ना त्यांना!"

सिस्टर मार्था भिंगारदिवे हिने तिला घट्ट धरलं होतं. कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. वॉर्डात याला ‘मांजर करणं’ म्हणत. मुलं घाबरू नयेत म्हणून मार्थानेच फार वर्षांपूर्वी हा शब्द काढला होता. "चला, मांजर करू या," असं ती म्हणाली की मुलं आपणहून मुटकुळं करून पडत. मग निवासी डॉक्टर कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज ओढून घेत. रक्ताचा कर्करोग हटतोय की नाही, ते त्या मगजावरून कळतं. वरची कातडी बधिर करता येते, पण मगज ओढताना हाडाच्या आतून जी कळ उठते तिला जागेपणी काही इलाज नाही. पूर्वी त्यासाठी मुलांना पूर्ण भूल देत असत. आता विस्मृतक देत होते.

सुई निघाली. थोड्या वेळाने भैरवीने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी करणार?"

"झालं की!" दारात उभे असलेले डॉ. प्रमोद नाडगौडा म्हणाले. ते संस्थेचे संचालक होते आणि विस्मृतक हा त्यांचाच शोध. "दुखलं का गं?"

"नाही."

नाडगौडांनी मार्थाकडे पैज जिंकल्यासारखं पाहिलं. मार्थाने भैरवीचा चुरगळलेला फ्रॉक सारखा करायला हात पुढे केला. त्याबरोबर पोरीने अंग चोरलं आणि तिची चड्डी ओली झाली. आपण कशाला घाबरलो ते तिचं तिलाच कळेना, आणि ती ओशाळून रडायला लागली. भिंतीवरचा तो पडदा उपटून नाडगौडांच्या डोक्यात घालावा असं मार्थाला वाटलं. तिने तसं केलं नाही, याचा तिला पुढे बरेच दिवस पश्चात्ताप होत होता.

तीन आठवड्यांनी पुढची तपासणी होती. त्या सकाळी भैरवीचे वडील, ज्ञानोबा पवळे, पिशवी भरूनच मार्थासमोर उभे राहिले.

"सिस्टर, आमी जातो बार्शीला."

"जाता म्हणजे? अर्धे उपचार व्हायचेत."

"गेटातच आडवी पडली पोरगी. का गं म्हनलं, कुनी मारतं का? तर न्हाई म्हनती. मग काय हुतंय? तर म्हाईत न्हाई म्हनती. चार दिस झालं, जेवत न्हाई. मरायचीच आसंल तर घरी मरू द्या तिला."

भैरवी मरणार नव्हती. तिचा आजार बरा होणाऱ्यांतला होता, उपचार पुरते झाले तर. आणि अर्ध्यावर सोडले तर दिवाळीपर्यंतही ती जगली नसती. हे मार्थाला माहीत होतं आणि ज्ञानोबांनाही सांगून झालं होतं. पण कारण न सांगता थरथरणारं पोर ज्याला रोज कडेवर घ्यावं लागतं, त्याला आकडे सांगून काय उपयोग? "दुपारपर्यंत थांबा. माझ्यासाठी थांबा," एवढंच मार्था म्हणाली.

त्याच सकाळी बऱ्या झालेल्या मुलांची तपासणी होती. हा मार्थाचा एरवी आवडता दिवस. केस आलेली, उंच झालेली, परीक्षेचे गुण सांगणारी मुलं भेटायची. मुग्धा ढेपे बारा वर्षांची होती, उपचार संपून तिला वर्ष झालं होतं. रक्त स्वच्छ. विस्मृतक मिळालेल्या पहिल्या मुलांपैकी ती एक. तपासणीचं काहीही आठवत नाही, असं तिने मागेच सांगितलं होतं.

"एकच आहे," तिची आई म्हणाली. "झोपताना आडवी होत नाही. भिंतीला टेकून बसून झोपते. आणि मांजराचं नाव काढलं तरी उलटी करते. घरात मांजर कधी नव्हतं हो, कधी ओरबाडलं नाही, चावलं नाही."

"काय गं मुग्धा?" मार्था सवयीने म्हणाली.

आवाज कानावर पडताच मुग्धाने आईचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. मग तिने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात ओकारी काढली आणि "सॉरी सिस्टर, का होतं कळत नाही," असं चार-चारदा म्हणत राहिली.

मार्थाला कळलं होतं. मायेने काढलेला आपला शब्द या पोरींच्या हाडांत कुठे जाऊन बसला आहे, ते तिला एका क्षणात कळलं. ती तडक संचालकांच्या खोलीत शिरली. दार वाजवण्याचं तिला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी तिने ते वाजवलं नसतं.

खोलीत डॉ. कुंदा हातेकर बसल्या होत्या. त्या भूलतज्ज्ञ. विस्मृतक आल्यापासून त्यांना मोठ्या शस्त्रक्रियांपुरतंच काम उरलं होतं आणि त्याबद्दलच त्या भांडायला आल्या होत्या.

"बरं झालं आलात," नाडगौडा मार्थाला म्हणाले. "दोघींना एकदमच सांगतो. आठवण म्हणजे ओल्या सिमेंटवरचा ठसा. विस्मृतक त्या सिमेंटला वीस मिनिटं वाळू देत नाही. मूल पूर्ण शुद्धीत असतं, सांगितलेलं ऐकतं, श्वास स्वतः घेतं, म्हणून धोका नाही. उपाशी ठेवायला नको, तासभर जागं व्हायची वाट बघायला नको. पूर्वी दिवसाला चार मुलं व्हायची, आज वीस होतात. रांगेत थांबता थांबता जी मरायची ती आज जगतात. ही मी वाचवलेली मुलं आहेत, बाई!"

यातलं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, आणि मार्थाला सगळ्यात जास्त राग त्याचाच येत असे.

"तुम्ही एकच ठसा धरलात," हातेकर म्हणाल्या. "काय घडलं ते मेंदूत एका जागी नोंदलं जातं आणि कशाला भ्यायचं ते दुसऱ्या जागी. विस्मृतक पहिल्या जागेवर चालतं. दुसरी जागा त्या वीस मिनिटांत सगळं शिकत असते. मुलाकडे भीती उरते आणि तिचं कारण जातं. आपण कशाला भितो हे ज्याला माहीत आहे, त्याला समजावता येतं. या मुलांना काय समजावणार?"

"तर्क आहे. पुरावा कुठे आहे?"

"बाहेर डब्यात ओकतोय पुरावा!" मार्था ओरडली. "मी धरते त्यांना! ती मला थांबा म्हणतात आणि मी थांबत नाही, कारण तुमचा हुकूम आहे. नंतर तुम्ही विचारता, दुखलं का? अहो, ज्याला दुखलं त्याला विचारा ना! ते पोर तुम्ही पुसून टाकता आणि दुसऱ्याच पोराला विचारता!"

"जे आठवत नाही त्याला वेदना म्हणायचं का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, सिस्टर."

"मग झोपा ना टेबलावर. मी धरते."

नाडगौडा हसले. ते भित्रे नव्हते, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं. आपल्या शोधावर त्यांचा इतका विश्वास होता की हे आधीच का सुचलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी भिंतीकडे पाहून म्हटलं, "विस्मृतक, प्रौढमात्रा एक."

"नोंद झाली," भिंत म्हणाली. संस्थेत कागद कधीच बंद झाले होते. भिंतीतली श्रुतयंत्रणा आवाज ओळखायची आणि संचालकांचा शब्द तत्काळ अमलात यायचा.

"मुलांना वागवता तसंच मला वागवायचं," ते बाह्या सारत म्हणाले. "मी काहीही म्हणालो तरी थांबायचं नाही. आणि नंतर मला काही आठवलं नाही, तर त्या बार्शीच्या मुलीला मी स्वतः विस्मृतक देणार. मान्य?"

"मान्य," मार्था म्हणाली. दोघी त्यांच्यामागोमाग गेल्या आणि छोट्या खोलीचं दार लागलं.

अर्ध्या तासाने डॉ. नाडगौडा शर्ट खोचत बाहेर आले. चेहरा प्रसन्न होता.

"झालंसुद्धा? मला वाटलं, सुरू व्हायचंय अजून." कमरेवरची पट्टी चाचपत ते हसले. "इथे थोडं ठणकतंय, बाकी काही नाही. पटलं आता? आणा त्या मुलीला."

मार्था भिंतीला टेकून उभी होती. तिचा एप्रन खांद्यावर उसवला होता आणि मनगटावर नखांचे ताजे ओरखडे होते.

"विस्मृतक, बालमात्रा एक," नाडगौडा म्हणाले.

"विस्मृतकाचं कपाट बंद आहे," भिंत म्हणाली. "संचालकांचा आदेश."

"कोणत्या संचालकांचा?"

"डॉ. प्रमोद नाडगौडा."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "माझ्या आवाजाची नक्कल? सिस्टर, हा गुन्हा आहे!"

"नक्कल नाही," हातेकर मागून म्हणाल्या. त्या भुलीची ढकलगाडी खोलीत नेत होत्या. "तुम्हीच म्हणालात, मी मगज ओढत होते तेव्हा. आधी थांबा म्हणालात. तुमच्याच सांगण्यावरून आम्ही थांबलो नाही. मग तुम्ही भिंतीला हुकूम दिलात. विस्मृतक बंद, सगळ्या मुलांचं बंद, आजपासून भूल, हातेकरांना सगळं सामान द्या. भिंतीने विचारलं, नक्की का? तुम्ही तीनदा हो म्हणालात."

"दुखत असताना माणूस वाट्टेल ते बोलतो!"

"मूल पूर्ण शुद्धीत असतं, हे सकाळी तुम्हीच सांगितलंत. मग तुम्हीही शुद्धीत होतात."

"मी पूर्ण शुद्धीत आत्ता आहे! आणि मी तो आदेश रद्द करणार आहे."

"करा," मार्था म्हणाली. राग इतका वाढला होता की तिचा आवाज उलट खाली आला. "पण टेबलावर झोपून करा. सुई आत असताना म्हणा, मुलांना विस्मृतक द्या. ज्याने हुकूम दिला त्यालाच तो मागे घेऊ दे. तुम्ही एकटे नाही आहात, सर, दोघे आहात. एकाला सगळं कळतं आणि तो घटकाभरात नाहीसा होतो. दुसऱ्याला काही कळत नाही आणि तो ही संस्था चालवतो."

"चला!" नाडगौडा म्हणाले आणि तरातरा खोलीत शिरले. टेबलापाशी पोचले. हात कठड्यावर ठेवला. तिथेच ते थांबले. कपाळावर घाम फुटला. त्यांनी पुन्हा पाय उचलून पाहिला. तो उचलेना. समोर स्वच्छ चादर होती, ओळखीचा दिवा होता, त्यांच्याच आवडीच्या निळ्या रंगाच्या भिंती होत्या. घाबरावं असं तिथे काही नव्हतं. त्यांनी खूप शोधून पाहिलं. काहीच नव्हतं.

"आत गारवा फार आहे," ते म्हणाले. मग कुणाकडेही न बघता, "आज राहू दे. भूलच द्या."

ज्ञानोबांनी भैरवीला कडेवर घेऊन आणलं. दारात मार्था दिसताच पोरीने किंकाळी फोडली आणि बापाच्या मानेत तोंड लपवलं. मार्था मुकाट्याने बाजूला झाली. या मुलीला हवी असलेली भूल तिने मिळवून दिली होती आणि आता तिला झोप लागेपर्यंत हात धरून बसणंही मार्थाच्या नशिबात नव्हतं. हातेकर आत गेल्या आणि दार लोटलं गेलं. थोड्या वेळात आतलं रडणं मंदावलं, मग थांबलं. ते झोपल्यामुळे थांबलं होतं.

बाहेरच्या बाकावर नाडगौडा बसले होते. मार्था दुसऱ्या टोकाला बसली.

"सिस्टर," नाडगौडांनी विचारलं, "मी आणखी काय म्हणालो?"

"आईला हाक मारलीत."

"आणि?"

"मग मुलांची नावं घेऊ लागलात. जेवढी तुम्हाला ठाऊक होती तेवढी. एकेकाचं नाव घेऊन माफी मागत होतात."

आपण ती नावं घेताना कसे दिसलो असू ते डोळ्यांपुढे आणायचा नाडगौडांनी प्रयत्न केला. तिथे अंधारही नव्हता, नुसती मोकळी जागा होती.

"मला काहीच आठवत नाही हो," ते म्हणाले.

"मला आठवतं," मार्था म्हणाली. "तुमचंही आणि त्या सगळ्यांचंही. दोन वर्षांतली एकेक किंकाळी आठवते. त्यांची माफी आता परत मागा. त्यांच्या घरी जा, त्यांच्या आईबापांना सांगा, तुमची पोरं वेडी नाहीत, हे आम्ही केलंय म्हणून. उद्यापासून जा. मी येते बरोबर, पण मी दाराबाहेर थांबेन."

बोलता बोलता ती त्यांच्याकडे वळली आणि हातभर पुढे सरकली.

नाडगौडा दचकले. दोन्ही हात त्यांनी पोटाशी धरले आणि बाकाच्या पार टोकापर्यंत सरकले, तिथून पुढे सरकायला जागा उरली नाही तोपर्यंत.

"माफ करा, सिस्टर," ते म्हणाले. "असं का झालं, मला कळत नाही."