पाइनच्या शेंड्यावर तीन पिल्लं

दार करकरलं तेव्हा इश्बेलचा डोळा लागला होता. ती दचकून उठली. टेहळणीच्या त्या लाकडी खोपीच्या दारात एक उंच माणूस उभा होता – नखशिखांत निथळत, खांद्यावर दोराचं भेंडोळं.

दोर! तिची झोप पार उडाली. तळ्याच्या पलीकडे, पाइनच्या शेंड्यावर, ऑस्प्रेची मादी तीन अंड्यांवर बसलेली होती. मासळीवर जगणाऱ्या या घारींची अंडी चोरणारे लोक दोर घेऊनच येतात, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"अंडी न्यायला आलात?"

तो बघतच राहिला. "या पावसात? नाही हो... मला लागली तर मी दुकानातून आणतो."

"मग दोर कशाला?"

"झाडावर चढतो मी. पोटासाठी. वरच्या जंगलात वाळक्या फांद्या उतरवायचं काम चाललंय. गाडी चिखलात रुतली, म्हणून म्हटलं—" त्याची नजर थर्मासवर गेली. "चहा मिळेल?"

"अंडीचोरांना नाही."

"आणि चोर नाही हे पटवायला काय करावं लागेल?"

"इथे बसायचं. माझ्या डोळ्यांसमोर."

"ही शिक्षा आहे होय?" तो म्हणाला आणि इतक्या आनंदाने बसला, की तिला हसू लपवायला दुर्बिणीला डोळा लावावा लागला.

त्याचं नाव स्ट्रुअन.

इश्बेल दमलेली होती. कालपरवाची नव्हे, चार वर्षांची. इन्व्हरनेस शहरातल्या घरात वडील अंथरुणाला खिळले होते आणि जानेवारीत ते गेले. 'आता जरा विश्रांती घे,' असं सगळे म्हणाले. पण हाक मारणारं कोणी उरलं नाही, तरी ती पहाटे चारला टक्क जागी व्हायची. शेवटी तिने हे हंगामी काम धरलं. नर कधी आला, मासा आणला का, मादी किती वेळ उठली – वहीत लिहायचं. निदान जागं राहायला काही कारण तरी.

स्ट्रुअन पुन्हा आला. एकदा हातमोजे विसरले म्हणून, एकदा ओटची बिस्किटं जास्त झाली म्हणून. मग कारणं सांगणंच त्याने सोडून दिलं.

"आज नराने किती मासे आणले?"

"चार."

"आणि मी?"

"तू एक बिस्किटाचा पुडा."

आपण 'तू' म्हणालो, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या मात्र लगेच आलं असावं. तो घाईघाईने दुर्बिणीतून घरटं न्याहाळू लागला...

"स्ट्रुअन, भिंगावरचं झाकण काढ आधी."

जूनच्या सुरुवातीला पिल्लं बाहेर आली. तिन्ही. आणि पंधरवड्यात वादळ आलं. त्या सकाळी नर मासा आणायला तळ्यावर गेला, तो परतलाच नाही. तीन दिवस पाऊस कोसळत राहिला. मादी पंख पसरून पिल्लांवर बसून होती. उठली असती तर पिल्लं गारठली असती, बसून राहिली तर उपाशी मरणार. इश्बेल तासातासाला लिहीत होती – मासा नाही. मासा नाही.

पक्षीसंरक्षण कार्यालयातून परवानगी यायला दीड दिवस गेला. रोज एकदा वर चढून घरट्यात मासे ठेवायचे, आणि पाच मिनिटांत खाली यायचं.

"चढणारा कोण आहे तुमच्याकडे?" कार्यालयातून फोनवर विचारलं.

"आहे एक," इश्बेल म्हणाली.

स्ट्रुअन उजाडता उजाडता यायचा, पिशवीत ट्राउट मासे भरून चढायचा, डोक्यावर चवताळलेली मादी झेपा घालायची. खाली उतरला की तसाच कामावर. चौथ्या दिवशी मात्र तो उतरून खोपीवर आला आणि पायरीवर टेकला.

"धाकटं गेलं ना?" तिनेच विचारलं.

"हो."

वडिलांच्या अंत्यविधीला तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र खांदे गदगदा हलायला लागले. "मी बघत होते रे... क्षणभरही नजर हलवली नाही. तरी..."

त्याने तिची समजूत घातली नाही. तिच्या हातातली पेन्सिल तेवढी काढून घेतली. "घरी जा. झोप. आज मी बघतो."

"तुझं काम?"

"कळवतो त्यांना."

"तुला नोंदी कुठे येतात?"

"मासा आला, मासा नाही. एवढं लिहिता येतं मला."

ती बारा तास झोपली. दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली. *नऊ चाळीस – मादीने मान झटकली. दहा वीस – मोठ्याने दुसऱ्याला ढकललं, नालायक. अकरा – इश्बेल झोपली असेल. बारा – अजून झोपलेली असू दे.*

तिने ते पान दोनदा वाचलं. कार्यालयात पाठवायच्या प्रतीत मात्र दोन ओळी गाळल्या.

नवव्या दिवशी ढग पांगून ऊन पडलं. मादी उठली, तळ्यावर घिरट्या घालत राहिली आणि दगडासारखी पाण्यात कोसळली... वर आली ती पंजात मासा धरून! स्ट्रुअनने इश्बेलचा हात घट्ट पकडला. मासा घरट्यात पोचला, पिल्लांनी खाल्ला, तरी हात सोडायचं कोणालाच सुचलं नाही.

जुलैअखेर दोन्ही पिल्लं उडाली. सप्टेंबरात आधी मादी गेली, मग एक पिल्लू, आणि एका दुपारी दुसरंही आफ्रिकेच्या वाटेला लागलं. इश्बेलने खोपीला कुलूप लावलं. गावात जाऊन दोघांनी खायला घेतलं आणि गाडीतच बसले.

"इतकं सगळं झाल्यावरही मासाच?" ती म्हणाली.

"बटाटेही आहेत की."

दोन घास खाल्ले आणि ती त्याच्या खांद्यावर कलंडली. जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती, बटाटे गार झाले होते, आणि स्ट्रुअन होता तसाच बसलेला.

"हात बधिर झालाय माझा," तो हळूच म्हणाला.

"मग काढायचास ना!"

"तुझी झोप मोडली असती."

काचेवर पावसाचे चार थेंब आले आणि थांबले.

"स्ट्रुअन... मला आवडतोस तू. दमलेय म्हणून बोलत नाहीये हं."

"मग?"

"दमले नसते तर मे महिन्यातच बोलले असते."

तो हसला. मग तिला जवळ घ्यायला हात उचलायला गेला – पण बधिर हात काही केल्या हलेना.

इश्बेलच जवळ सरकली.